टपालखातें कोणासाठीं?

(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेंत आम्ही टपालखात्यावर बोलणार हें ऐकून पुष्कळांना नवल वाटलें असेल. पाऊसपाणी, मालाचा भाव, सोसायटीचें कर्ज हे जिव्हाळ्याचे विषय सोडून ही तिकिटा-पाकिटांची गोष्ट मध्येंच कोठून आली, असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्यांत त्याची चूक नाहीं. परंतु सरकारचें व्यापारविषयक धोरण म्हणून जें कांहीं असतें तें दिल्लींत ठरतें, आणि आमच्या कानावर सर्वांच्या शेवटीं येतें. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद झाली आणि ४ मे २०२४ रोजीं ती पुन्हां खुली झाली. बंद करतांना कांदा पिकविणाराला कोणीं विचारलें नाहीं, आणि खुली करतांनाही विचारलें नाहीं. असल्या धोरणाशीं आम्हां रयतेची ओळख होते ती त्याचा तडाखा पाठीवर बसल्यावर. टपालाचें तसें नाहीं. रेशनचें दुकान झालें तरी तें परवानेदाराचें. पण टपालकचेरी हें सरकारचें स्वतःचें दुकान आहे आणि तें आमच्या गांवांत, आमच्या डोळ्यांदेखत चालतें. देशांत दीड लाखाहून अधिक डाकघरें आहेत व दहांपैकीं नऊ खेड्यापाड्यांत आहेत. सरकार धंदा कोणासाठीं करतें याची पारख करावयाची तर ती याच दुकानांत करावी, असें आम्हांस वाटतें.

जुन्या राजवटींत टपाल म्हणजे राज्यकर्त्याचें टपाल. जासूद धांवत तो सरदाराच्या खलित्यासाठीं, कासीद धांवत तो सावकाराच्या हुंडीसाठीं. कुणब्याच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या निरोपासाठीं कोणी धांवत नसे. त्याचा निरोप बाजाराला जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडीं जाई व वाटेंत निम्मा सांडे. कंपनी सरकारनें १८३७ सालीं कायदा करून पत्रें वाहण्याचा मक्ता आपल्या हातीं घेतला, परंतु दर ठेवला तो वजन आणि अंतर दोन्ही पाहून. मुंबईहून कलकत्त्यास एक तोळ्याचें पत्र धाडावयाचें तर रुपया पडे. त्या काळचा रुपया! मजुराच्या कित्येक दिवसांच्या घामाची ती किंमत. पुढें १८५४ सालीं लॉर्ड डलहौसीच्या अमदानींत नवा कायदा झाला, आणि पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग तें शेजारच्या तालुक्यांत जावो कीं हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोंकास जावो, असा एकच दर ठरला.

गोऱ्या साहेबाला आमची दया आली म्हणून हें झालें असें कोणी समजूं नये. त्याला लष्कराचे हुकूम वेळेवर हवे होते, कापसाच्या पेढ्यांना भाव कळावयास हवे होते, आगगाडी व तारायंत्र यांच्या जोडीला स्वस्त टपाल हवें होतें. परंतु हेतु कांहींही असो, त्यांतून जी गोष्ट घडली ती लहान नव्हे. ज्या गांवांत पाणवठे निराळे, स्मशानें निराळीं, देवळाच्या कोणत्या पायरीपर्यंत कोणीं यावें हें जन्मावरून ठरलेलें, त्या गांवांत तिकिटाची किंमत मात्र पाटलाला जेवढी तेवढीच महाराला. सरकारनें विकलेली ही पहिलीच वस्तु असेल कीं जिचा भाव जातीवर, घरावर किंवा अंतरावर ठरत नव्हता. १८७९ सालीं पोस्टकार्ड निघालें, तें तर पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला!

आतां यांतली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्ड एका पैशाचें झालें खरें, पण तें वाचणार कोण? अक्षरशत्रु ठेवलेला आमचा शेतकरी कार्ड हातांत घेऊन कुळकर्ण्याच्या नाहींतर पंतोजीच्या ओट्यापाशीं उभा राही. मुलाचें दुखणें, लेकीचा सासुरवास, कोर्टाची तारीख, सगळें परक्याच्या तोंडून ऐकावयाचें, आणि वाचणाऱ्याच्या मनांत येईल तेवढेंच ऐकावयाचें. टपालकचेरी बहुधा कोणा वजनदाराच्या ओट्यावर असे, व तो ओटा चढण्याची मुभा सर्वांना नसे. ही जुनीपुराणी गोष्ट म्हणून कोणी हात झटकूं नयेत. अकरा राज्यांतील ५६५ खेड्यांची अस्पृश्यतेविषयीं पाहणी होऊन ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली. तींतही दलितांच्या घरीं टपाल नेऊन दिलें जात नाहीं अशीं खेडीं सांपडलीं. म्हणजे दर एक, पण दारापर्यंतची वाट एक नाहीं.

यासाठींच आमच्या पूर्वसूरींनीं पाटीपेन्सिलीचा आग्रह धरला. सावित्रीबाईंनीं जोतीरावांना लिहिलेलीं तीन पत्रें आज उपलब्ध आहेत, १८५६, १८६८ व १८७७ सालचीं. त्यांतलें शेवटचें जुन्नर भागांतील ओतुराहून, ऐन दुष्काळांत लिहिलेलें आहे. लोकांची अन्नान्नदशा व सत्यशोधक मंडळींचें काम त्यांत आहे. शिकलेली माळ्याची स्त्री दुष्काळाची हकीकत स्वतःच्या हातानें लिहिते, मध्यें कोणी वाचणारा नाहीं, कोणी सांगणारा नाहीं, याची किंमत त्या काळीं काय होती तें ध्यानांत आणावें. त्याच १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास ‘दीनबंधु’ काढला, व १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तो मुंबईंत चालविला. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनीं तर १९१० सालीं ‘दीनमित्र’ सुरू केला तो नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांतून. खेड्यांत छापलेलें पत्र दूरदूरच्या वर्गणीदाराच्या हातीं पडावें हें टपालाच्या सवलतीच्या व सारख्या दराखेरीज कसें घडलें असतें? शहरांतल्या पत्राला एक दर व खेड्यांतल्याला दुसरा असता तर आमचीं पत्रें पहिल्या वर्षींच मेलीं असतीं.

मनिऑर्डरीविषयीं फार सांगावयास नको; कोंकणांत व घाटावर असें घर विरळा कीं जेथें मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहिली गेली नाहीं. १८८० सालापासून हें काम टपालाकडे आलें. रत्नागिरी-साताऱ्याचा गडी गिरणींत राबे व महिन्याअखेर मनिऑर्डर करी; तिच्यावर शेतसारा भरला जाई, वाण्याची उधारी फिटे, पोरांची पाटी येई. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, तेव्हां कोंकणांतल्या म्हातारीला संपाची खबर वर्तमानपत्रानें दिली नाहीं. पोस्टमन दारावरून तसाच पुढें गेला त्यानें दिली. पुढें २०१५ सालीं जुन्या कागदी मनिऑर्डरीचें काम बंद झालें व इलेक्ट्रॉनिक मनिऑर्डर तेवढी राहिली. तिची हशील शेंकडा पांच रुपये. उलट ज्याच्या हातीं मोबाइल व बँकेचें खातें आहे तो कवडी न देतां पैसे धाडूं लागला. गरीब तेवढा भरणार, सधन तेवढा सुटणार, हा न्याय येथेंही आलाच.

बचतीच्या खात्याचें मात्र आम्ही मनापासून गुण गातों. १८८२ सालीं टपालखात्यानें बचत बँक उघडली, तेव्हां गरिबाच्या पैशाला जागा दोनच होत्या, एक मडकें व दुसरी सावकाराची पेढी. मडकें चोर नेई आणि पेढी सावकार नेई. टपालांत ठेवलेला पैसा सरकारच्या हमीचा झाला. पण हें लक्षांत ठेवा कीं तो पैसा तेथें झोंपलेला नसतो. अल्पबचतीची सर्व रक्कम १९९९ पासून राष्ट्रीय अल्पबचत निधींत जमा होते व त्यांतून सरकार कर्ज घेतें. म्हणजे विडी वळणाऱ्या बाईनें, लोहारानें, भाजी विकणारीनें ठेवलेल्या पैशांवर सरकारचा कारभार हलतो. आम्ही टपालकचेरींत हात पसरावयास जात नाहीं. तेथें सरकार आमचें कुळ आहे आणि आम्ही त्याचे सावकार आहों. सावकार आपल्या कुळाशीं ज्या आवाजांत बोलतो त्या आवाजांत आम्हीं बोलावयास काय हरकत आहे?

आतां कारागीर बंधूंनीं जरा पुढें सरकून ऐकावें. १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय काढली. दुकानदारानें माल धाडावा, पोस्टमननें तो दारीं न्यावा, घेणाऱ्यापासून दाम वसूल करावा व दुकानदाराला पोंचवावा. न पाहिलेल्या दोन माणसांमध्यें विश्वासाचा व्यवहार घडविणारी ही मोठी युक्ति होती. पण तिचा उपयोग कोणीं करून घेतला? मुंबई-पुण्याच्या घड्याळवाल्यांनीं, औषधवाल्यांनीं, पुस्तकवाल्यांनीं. व्ही. पी. नें माल गांवांत आला आणि पैसा गांवाबाहेर गेला. उलट दिशेनें, म्हणजे गांवांतला माल बाहेर व बाहेरचा पैसा गांवांत, ती क्वचितच फिरली. जोतीरावांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्यें विलायती मालानें आमचे कारागीर कसे बुडाले हें रडून सांगितलें आहे, त्या मालाच्या बरोबरीनें बाजारांत उभें राहावयाचें एक साधन गांवांतच होतें, पण पत्ता लिहितां येणारा हात कारागिराच्या घरांत नव्हता आणि भांडवल सावकाराच्या घरांत होतें.

आज ती स्थिति थोडी पालटली आहे. २०२२ पासून सरकारनें ‘डाकघर निर्यात केंद्रें’ उघडलीं, तीं देशभर हजारावर झालीं. पांचशें रुपये फी भरून आयात-निर्यातीचा क्रमांक काढला कीं लहान कारागिराला आपला माल टपालकचेरींतूनच परदेशीं धाडतां येतो. बंदरावर दलाल गांठावा लागत नाहीं. सोय चांगली आहे, तिला चांगलीच म्हटलें पाहिजे. कोल्हापुरी चपलेचें पाहा. २०१९ सालीं कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर व कर्नाटकांतील चार जिल्हे मिळून तिला भौगोलिक मानांकन मिळालें. जून २०२५ मध्यें प्राडा या इटालियन कंपनीनें मिलान शहरांत तसल्याच घाटाची पादत्राणें मिरविलीं आणि आमच्या चर्मकारांचें नांवही घेतलें नाहीं; ओरड झाली तेव्हां मूळ कोठलें तें कबूल केलें. म्हणजे गिऱ्हाईक जगांत आहे. मग जो चपलेला टांके घालतो त्याच्या हातीं दलालानें दिलेली मजुरीच कां पडावी?

पण केंद्र उघडलें म्हणजे धोरण पुरें झालें असें नव्हे. २०२५ सालीं अमेरिकेनें आठशें डॉलरांपर्यंतच्या मालावरील जकातमाफी काढून घेतली, तेव्हां आमच्या टपालखात्यानें २५ ऑगस्टपासून तिकडे जाणारीं पार्सलें घेणेंच थांबविलें. तें १५ ऑक्टोबरला पुन्हां सुरू झालें. दिवाळी-नाताळचा माल बांधून बसलेल्या लहान कारागिरानें मधले सात आठवडे काय खावें? मोठ्या व्यापाऱ्यापाशीं दुसरी वाट असते, गुदाम असतें, वकील असतो. लहानाची वाट एकच, आणि तीच बंद. चूक अमेरिकेची होती हें खरें. पण आपल्या कारागिराला त्या सात आठवड्यांत कांहीं हात द्यावा हें आपल्या सरकारचें काम नव्हे काय?

आतां आजच्या मुख्य गोष्टीकडे येऊं. टपालाचा दर वाढविणें ही कांहीं नवी विद्या नाहीं. एका पैशाचें कार्ड १९२२ सालीं अर्ध्या आण्याला झालें. आणि १९३१ सालीं, जेव्हां जगांतल्या मंदीनें शेतमालाचे भाव कोसळून शेतकरी हवालदिल झाला होता, नेमकें तेव्हांच तें पाऊण आण्याला गेलें. तथापि त्या दोन्ही वेळीं एक गोष्ट शाबूत राहिली. दर चढला तो सर्वांचा सारखा चढला. १८५४ ची समता कोणीं मोडली नाहीं.

ती मोडली आमच्या देखत. १८९८ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलांत आला. जुन्या कायद्यानें पत्रें वाहण्याचा मक्ता सरकारकडे होता. नव्यानें तो सोडून दिला. पत्र अडवून उघडण्याचा अधिकार मात्र ठेवला, व नियमांत लिहिली असेल तेवढी सोडून सेवेबद्दल दुसरी कोणतीही जबाबदारी खात्यावर नाहीं असें कलमही ठेवलें. मक्ता सोडला तो सोडो. कुरियरवाले शहरांत धंदा करीतच होते. आमचें म्हणणें एवढेंच कीं, धंदा म्हणून चालवावयाचें तर धंद्याची जबाबदारीही घ्यावी. वाण्यानें कुजका गूळ दिला तर तो परत करतां येतो.

त्यानंतर २०२५ सालीं रजिस्टर टपाल स्पीड पोस्टांत विलीन केलें. शहरांतल्या पुष्कळांना त्यांत विशेष वाटलें नाहीं. पण रजिस्टर म्हणजे रयतेला काय होतें? सातबाऱ्यावर परस्पर कोणाचें नांव चढलें त्याबद्दलची हरकत, कुळाचा अर्ज, पोलिसांनीं न घेतलेली फिर्याद, मालकानें थकविलेल्या मजुरीची नोटीस, हें सर्व रजिस्टरानें जाई. कचेरींतला कारकून तोंडावर “अर्ज आलाच नाहीं” म्हणे, तेव्हां ती चिटोऱ्याएवढी पावती बोले. कायद्यानेंही रजिस्टर टपालाला मान दिलेला आहे: पत्ता बरोबर लिहून व हशील भरून रजिस्टर केलें म्हणजे तें योग्य वेळीं पोंचलें असें धरलें जातें. वकील लावण्याची ऐपत नसलेल्या माणसाचा तो वकील होता, आणि त्याची फी साध्या लखोट्याला सुमारें सव्वीस रुपये होती.

१ ऑक्टोबर २०२५ पासून जे दर लागू झाले त्यांत स्पीड पोस्टाच्या पन्नास ग्रॅमपर्यंतच्या लखोट्यास स्थानिक १९ रुपये व बाहेरगांवीं ४७ रुपये असा भेद केला. रजिस्टरासारखी त्याच माणसाच्या हातीं पोंच हवी असेल तर वर पांच रुपये, आणि त्या सर्वांवर शेंकडा अठरा कर. हिशेब करा. स्थानिकाला अठ्ठावीस रुपये बत्तीस पैसे. बाहेरगांवींच्याला एकसष्ट रुपये छत्तीस पैसे. वजन पन्नास ग्रॅमच्या वर गेलें कीं अंतराप्रमाणें पायऱ्या चढत जातात. आतां सांगा, ‘स्थानिक’ दराचा लाभ कोणाला? ज्याच्या शहरांतच हायकोर्ट, सचिवालय, कमिशनर, बँकेची मुख्य कचेरी आहे त्याला. अक्कलकुव्याच्या भिल्लाला, गडचिरोलीच्या माडियाला, जतच्या धनगराला सगळ्या मोठ्या कचेऱ्या बाहेरगांवींच! जो न्यायापासून जितका दूर, त्याला न्याय मागण्याचा दर तितका जास्त. १८३७ च्या कंपनी सरकारचा नियम दुसऱ्या दारानें घरांत आला आहे, आणि यावर पुरेशी चर्चाही झाली नाहीं.

सरकारची बाजू आम्हांस ठाऊक आहे. पत्रें लिहिणारे कमी झाले, खात्याला तोटा येतो, स्पीड पोस्ट लवकर पोंचतें, तें कोठवर गेलें हें मोबाइलवर दिसतें. हें सारें खरें आहे. पण तोट्याची गोष्ट काढावयाची तर फौजेला नफा होतो काय? पाटबंधाऱ्याला होतो काय? खेड्यांतली टपालकचेरी नफ्यासाठीं उघडलेली नव्हती. आणि जलद पोंचण्याची गरज व्यापाऱ्याला असते. आमच्या अर्जदाराला चार दिवस उशीर चालतो, त्याला पावती स्वस्त हवी असते. दोघांना एकाच मापाचा सदरा शिवून दिला, व तो ज्याला घट्ट झाला तो नेहमींप्रमाणें गरीबच निघाला.

या खात्यांतले आमचे स्वतःचे भाऊही विसरूं नका. शाखा डाकघर चालविणारे ग्रामीण डाकसेवक बहुतेक आमच्याच घरांतले. १९७७ सालीं सुप्रीम कोर्टानें त्यांची जागा ही सरकारी जागा आहे असा निकाल दिला, तरी त्यांना खात्याचे पुरे नोकर समजलें जात नाहीं. २०१८ सालीं वेतनाची जी नवी रचना झाली तींत काम चार किंवा पांच तासांचें धरलें, व आरंभींचा पगार दहा हजारांपासून साडेचौदा हजारांपर्यंत. बचत, विमा, पेन्शन, पार्सल हीं सर्व कामें त्यांच्याच माथीं. त्याच्या उशिराबद्दल रागें भरण्यापूर्वीं हें ध्यानांत आणा. मात्र पासबुकावर नोंद न करतां कोणी पैसे घेऊं लागला तर तो आपला भाऊ असला तरी तेथल्या तेथें हात धरा. पैसे दिले कीं नोंद व शिक्का पाहावयाचाच, आणि ती नोंद घरांतल्या शाळकरी पोरीकडून वाचून घ्यावयाची.

आजच्या सभेपुढें ठराव ठेवला आहे तो असा. सरकारी कचेऱ्या व कोर्टें यांस जाणारा नोंदणीचा लखोटा देशभर एकाच दरानें जावा. लहान कारागिरांच्या पार्सलालाही ठराविक वजनापर्यंत अंतराचा भेद न ठेवतां एकच दर असावा. हरवलेल्या मालाची भरपाई किती व किती दिवसांत हें शाखा डाकघराच्या भिंतीवर मराठींत लावावें. आणि परदेशचें टपाल बंद पडेल तेव्हां अडकलेल्या मालापुरती उचल कारागिराला मिळावी. ग्रामसभेंत हाच ठराव मांडावयाचा आहे. गांवोगांवच्या मंडळींनीं त्याची नक्कल उतरून न्यावी.

सह्यांचा कागद व्यासपीठाच्या उजव्या बाजूस आहे. बायांच्या सह्या वेगळ्या कागदावर घेऊं नयेत, एकाच कागदावर घ्याव्या. ज्यांना सही येत नाहीं त्यांच्या शेजारीं एक मुलगी पाटी घेऊन बसली आहे. तिच्यापाशीं आधीं दहा वेळां गिरवावें व मग कागदावर करावी, घाई नाहीं. ठराव दिल्लीस नोंदणी करूनच धाडावयाचा आहे. लखोटा पन्नास ग्रॅमच्या आंत बसला तर सभेच्या फंडांतून एकसष्ट रुपये छत्तीस पैसे खर्ची पडतील, व ती पावती पुढील सभेंत वाचून दाखविली जाईल.